सीटखालची गाठ

मी एक जुनी, बॅटरीवर चालणारी स्कूटर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरसुद्धा नाही. तुमच्यातला कुणीतरी अशीच गाडी घेऊन रोज क्लासला जात असणार, आणि घरचे म्हणत असणार, ‘जाऊ दे, बॅटरीची तर आहे.’ खरं तर त्याच्यासाठीच मी तोंड उघडलंय. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही, पण जरा लांबून ऐका. माझ्या सीटला हात लावायचा नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चाकं एका खोक्यातून आली, मोटर दुसऱ्या खोक्यातून, आणि आरसे कुठून आले ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. जिला स्वतःचं माहेर धड ठाऊक नाही, ती संशयी होणार नाही तर काय होणार? तिथल्या एका मुलीने माझ्या सांगाड्यावर छोटी पट्टी ठोकली. तिच्यावर लिहिलं होतं, मोटर अडीचशे वॉट, वेग ताशी पंचवीस किलोमीटर. मग तिने सीटखालच्या काळ्या डबीकडे मोर्चा वळवला. ही डबी म्हणजे माझं डोकं. मोटरला किती जोर लावू द्यायचा ते ती ठरवते. तिच्यातून दोन पांढऱ्या वायरी बाहेर येतात. मुलीने त्यांची टोकं एकमेकांत खटकन बसवली आणि शेजारणीला म्हणाली, “ही जोड आहे तोवर ही पंचवीसच्या पुढे जात नाही.”

मी लगेच कान टवकारले. जोड आहे तोवर म्हणजे काय? म्हणजे ती निघूही शकते तर. त्या दिवसापासून माझ्या सीटजवळ कुणी आलं की माझा जीव वरखाली होतो.

पुढे मी गंगापूर रोडवरच्या एका दुकानात येऊन उभी राहिले. दुकान वाल्मीकशेठचं. माणूस गोड, आणि इतका गोड माणूस दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते. गिऱ्हाईक आत आलं की आधी थंड पाणी, मग चहा आणि मग ठरलेलं बोलणं, की हिला लायसन लागत नाही, नंबर लागत नाही, हिला कायदाच लागत नाही. मित्रांनो, यातल्या पहिल्या दोन गोष्टी माझ्यापुरत्या खऱ्या होत्या. तिसरी शुद्ध थाप होती. मला लायसन लागत नाही हेही कायद्यातच लिहिलंय. माझी मोटर लहान आणि चाल हळू, म्हणून कायद्याने मला मोटारगाड्यांच्या रांगेतून बाहेर काढून सायकलीशेजारी उभं केलं. ही सूट होती, आणि सूट अटीवर होती. अट म्हणजे ती पट्टी आणि ती जोड. शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या बॅटरीच्या गाड्यांना हिरवी नंबरप्लेट होती, विमा होता, त्यांना लायसन लागायचं. वाल्मीकशेठ त्यांच्याबद्दल बोलताना आवाज बारीक करायचे आणि माझ्याबद्दल बोलताना मोठा. मी मनात म्हणायचे, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

एके दिवशी लंकाबाई आली. ती आता माझी मालकीण. ती मला ‘पोरी’ म्हणते आणि मी मनातल्या मनात तिला अगंतुगं करते. गावाबाहेर तिचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. गंगापूर रोडला एका मंदिरासमोर ती हारांचं दुकान लावते. दुकान म्हणजे एक लाकडी बाकडं आणि वर ताडपत्री. तिचा मुलगा समाधान मोटारसायकलवर तिला पोचवायचा, पण त्याला सवड होईल तेव्हा. कधी खताची गोणी आणायची असायची, कधी मळ्यातली पाण्याची मोटर बिघडलेली असायची, आणि लंकाबाई भिजवलेल्या फुलांची पाटी घेऊन दारात ताटकळायची. मंदिरात सकाळची गर्दी ओसरली की फुलं कोण घेतं? बरं, लायसन काढायचं तर परीक्षा संगणकासमोर बसून द्यायची, आणि नुसत्या विचारानेच तिच्या तळहाताला घाम फुटायचा. म्हणून वाल्मीकशेठचं ते वाक्य ऐकल्यावर तिने मला एकदा मागून, एकदा पुढून बघितलं, माझ्या सीटवर थाप मारली आणि म्हणाली, हीच.

तेव्हाच मला कळलं की मी हिच्यासाठी काय आहे. मी गेले तर ही पुन्हा दारात पाटी घेऊन उभी राहणार. बाकी घरात माझी गरज कुणालाच नव्हती.

घरी आल्यावर माझी पूजा झाली. चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, तोंडाला हळदकुंकू. नंबरप्लेटची जागा मोकळी भुंडी दिसत होती, म्हणून समाधानने पेंटर बोलावून तिथे ‘आई सप्तशृंगी प्रसन्न’ लिहून घेतलं. आता फुलवाल्यांच्या घरची गाडी म्हटल्यावर हार आलाच. रोज सकाळी एक हार माझ्या पुढच्या दिव्याला आणि एक मागच्या कॅरिअरला. मागचा हार अस्सा लोंबायचा की देवीचं नावही त्याखाली झाकून जायचं. लोक वळून बघायचे. मंदिरातले गुरुजी म्हणायचे, लंकाबाई, तुमची गाडी देवळात उभी केली तरी शोभेल. मी कौतुकाला भुलत नाही, पण वाईटही वाटलं नाही.

चालवायला ती चटकन शिकली. फक्त एक होतं. उजवी मूठ ती पिळायची ती पार शेवटापर्यंत. थोडी पिळ, सैल सोड, असलं नाजूक काम तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. पुरी मूठ पिळली तरी मी आपली पंचवीसच्या आत. शेजारून सायकलवाली शाळकरी पोरं पुढे जायची आणि हात करायची. एवढी वर्षं रोज तिने तसंच केलं आणि तिच्या मनगटाला तेच वळण पडलं. हे ध्यानात ठेवा, मित्रांनो, पुढे लागेल.

मग माझ्या सीटचं कुलूप सैल झालं, आणि नेमकी त्याच सुमाराला गल्लीतल्या एका गाडीची बॅटरी चोरीला गेली. लंकाबाईची झोप उडाली. ती माझ्यापेक्षा कमी संशयी नाही, म्हणून तर आमचं जमलं. कुलूप दुरुस्त होईपर्यंत तिने हारांचा दोरा चौपदरी केला, सीटच्या कडीतून ओवून कॅरिअरला बांधला आणि वर आपली गाठ मारली. तिची गाठ सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. चपटी, फुलांच्या देठाखाली लपणारी, जिचं टोक शोधूनही सापडत नाही. तिचा हार कुठेही ठेवा, मागून उलटून बघितला की लोक सांगतात, हा लंकाबाईचा. कुलूप काही दुरुस्त झालं नाही. दोराच राहिला.

त्या घरात गाठी मारणारी आणखी दोन माणसं होती. एक समाधान. त्याचा हात पोत्यांचा. झेंडूची पोती बांधताना दोन वेढे, मग हिसका, मग पुन्हा दोन वेढे. ती गाठ विळ्यानेच तुटायची. आणि दुसरी रूपाली, समाधानची बायको. ती घोटीची, माहेरचा तांदळाचा व्यापार. मोबाईलवर तिची बोटं भराभर चालायची, पण हाराची गाठ तिला काही केल्या जमायची नाही. ती आपली बुटाच्या नाडीची मारायची, दोन कान वर काढून. लंकाबाई तिला चिडवायची की तुमच्या घोटीला काय तांदूळ ओवतात का. रूपाली हसायची आणि पुन्हा तीच गाठ मारायची.

रूपालीवर माझी पहिल्यापासून नजर होती. ती माझ्यापाशी येऊन उकिडवी बसायची, मोबाईलचा दिवा लावायची आणि माझ्या अंगावरच्या पट्टीचे फोटो काढायची. मग दाराबाहेर जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलायची. ‘हो, त्याच कंपनीची’, ‘वर्ष सांगते’, ‘कागद मिळतील का’ असलं काहीतरी कानावर पडायचं. मला सांगा, एखादी बाई दुसऱ्याच्या गाडीचे फोटो काढून फोनवर तिचं वर्ष सांगते, याचा अर्थ काय होतो? गिऱ्हाईक शोधतेय, दुसरं काय!

एकदा तिने लंकाबाईला सरळच सांगितलं, की आत्या, गाडीचे कागद कुठे ठेवलेत ते द्या, आणि डोक्यावर हेल्मेट घालत जा. गंगापूर रोडला बॅटरीच्या गाड्या अडवून उचलून नेताना तिने पाहिलं होतं, असंही ती म्हणाली. लंकाबाईने मान हलवली आणि कागद गादीखालून काढून धान्याच्या कोठीत दडवले. संध्याकाळी समाधानला ती म्हणाली की तुझी बायको माझी गाडी विकायला निघालीय. समाधान हसला. मग तो रूपालीलाही हसला, की बॅटरीच्या गाडीला कसला आलाय कायदा, वाल्मीकशेठला विचार. घरात दोन बायका एकमेकींकडे वाकड्या नजरेने बघत होत्या आणि मी दोघींच्या मधोमध पडवीत उभी होते.

त्या वर्षी झेंडू दणकून आला. मित्रांनो, झेंडूचं वर्ष म्हणजे दसरा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळपासून लोक फुलांना तुटून पडतात, आणि दसऱ्याची दुपार उलटली की त्याच फुलांकडे कुणी ढुंकून बघत नाही. मळ्यातून बाकड्यापर्यंत मला सारख्या खेपा घालाव्या लागणार होत्या. मधे एक चढ आहे. भरल्या पोत्यानिशी मी तिथे धापा टाकते. आदल्या वर्षी लंकाबाई त्यावरून फार कुरकुरली होती, की पोरी, तुझ्यापरीस बैलगाडी बरी.

ते समाधानच्या मनात राहिलं असणार. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला, तो विळा घेऊन माझ्यापाशी आला. दोरा कापला, सीट उचलली. मी जिचं आयुष्यभर भय बाळगलं ती गोष्ट त्याने दोन बोटांनी केली. पांढऱ्या वायरींची जोड सोडवली. वाल्मीकशेठने दाखवलं होतं तसंच, सगळेच काढतात, असं तो स्वतःशी पुटपुटला. आणि मग हसून म्हणाला, “उद्या आईला गंमत कळेल.” सीट खाली ठेवून त्याने दोरा पुन्हा बांधला. दोन वेढे, हिसका, दोन वेढे. वर हार टाकला.

त्या वेळी रूपाली दारात फोन कानाला लावून उभी होती. मला काय वाटलं असेल सांगा. मला वाटलं, हिनेच पाठवलं. नवऱ्याच्या हातून काम करून घेतलं आणि स्वतः नामानिराळी राहिली.

सकाळी लंकाबाईने घाईघाईत मला धुतलं. खंडेनवमीला घरातल्या विळ्या-कोयत्यांची, मोटारींची, सगळ्यांची पूजा होते. मला हळदकुंकू लागलं, ताजा हार चढला. मागचा हार तर त्या दिवशी दुप्पट जाड होता. त्याखालच्या दोऱ्याकडे कोण बघतंय? पायाशी झेंडूचं पोतं, मागे झेंडूचं पोतं, आणि लंकाबाईने नेहमीसारखी मूठ पिळली. पार शेवटापर्यंत.

मी उधळले, मित्रांनो. माझी मला ओळख पटेना. मळ्याच्या कच्च्या रस्त्यावर खड्ड्यांनी मला थोपवलं, पण डांबरी सडक लागली, चढ मी चढले कधी ते कळलं नाही, आणि उताराला काटा चाळिशीच्या घरात गेला. लंकाबाई मला ‘हळू, हळू’ म्हणत होती आणि मूठ मात्र तशीच आवळून धरत होती. घाबरलेलं माणूस हातातलं सोडत नाही, आणखी घट्ट धरतं. सैल सोडायची सवयच नव्हती त्या हाताला. ब्रेक होते, पण ते पंचवीसच्या गाडीचे ब्रेक.

मंदिराच्या अलीकडे गोटीराम बसला होता. पेठ गावाकडचा म्हातारा, दरवर्षी डोंगरातून आपट्याच्या फांद्या घेऊन येतो आणि दोन दिवस रस्त्याच्या कडेला बसतो. मी त्याच्या भाऱ्यावर गेले आणि भाऱ्यासकट त्याच्यावर. तो हातावर पडला. लंकाबाई पलीकडे पोत्यावर पडली म्हणून वाचली. सगळ्या रस्त्यावर झेंडू झाला. गोटीराम एका हाताने दुसरा हात धरून बसला होता आणि त्याची पानं तुडवू नका म्हणून लोकांना सांगत होता. त्याचं मनगट मोडलं होतं.

बाकड्यापाशी समाधान आणि रूपाली मोटारसायकलवर आधीच येऊन थांबले होते. दोघं धावत आले. रूपालीने रिक्षा थांबवली आणि कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाबरोबर गोटीरामला दवाखान्यात पाठवलं. समाधान मात्र माझ्याकडे बघत उभा राहिला. मी आडवी पडले होते आणि माझं मागचं चाक अजून फिरत होतं.

पुढच्याच चौकात परिवहन खात्याचं पथक उभं होतं. त्यातल्या निरीक्षक मॅडम आल्या. त्यांनी मला उभं करवलं, आणि पहिलं काय म्हणाल्या? हार बाजूला करा. त्यांना वाटलं हाराआड नंबर लपवलाय. संशयी बाई. त्यांना बघून मला पहिल्यांदाच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. हार बाजूला झाला, आत सप्तशृंगी. लंकाबाई म्हणाली की या गाडीला नंबर नसतो. कोण म्हणालं? दुकानदार म्हणाला. मॅडमनी माझ्या पट्टीवरचा धुरळा पुसून ती वाचली. मग आपल्या माणसाला मला मोकळ्या गल्लीत एक फेरी मारून आणायला सांगितलं. तो परत आला आणि काट्याने काय दाखवलं ते सांगितलं.

मॅडम आवाज न चढवता बोलल्या. “मोटर अडीचशे वॉटच्या आत आणि वेग पंचवीसच्या आत, दोन्ही असेल तरच ही सायकलसारखी. कुणीतरी हिचा वेग उघडलाय. त्या क्षणापासून ही मोटारगाडी झाली. मग नंबर पाहिजे, विमा पाहिजे, तुमच्याकडे लायसन पाहिजे, डोक्यावर हेल्मेट पाहिजे. यातलं काय आहे तुमच्याकडे?”

लंकाबाईकडे हार होता. तिने तो हातात धरून ठेवला होता.

मॅडम म्हणाल्या की गाडीत असा फेरफार करणं हाही गुन्हा आहे, कुणी केला ते सांगा. आणि लंकाबाई घाबरून बोलून गेली, की मला काही माहीत नाय, माझी सून सारखी गाडीपाशी बसायची मोबाईल घेऊन, तिनंच केलं असंल. सगळी गर्दी रूपालीकडे वळली. कुणीतरी म्हणालं, आजकालच्या सुना. मीही मनात म्हटलं, सापडली एकदाची. रूपालीचं तोंड पांढरं पडलं. तिने सासूकडे बघितलं.

मॅडमनी सीट उघडायला सांगितली. त्यांच्या माणसाने दोऱ्याला कात्री लावायला हात पुढे केला, तशी लंकाबाई म्हणाली, थांबा, मी सोडते, माझी गाठ आहे. ती वाकली. बोटांनी टोक चाचपलं. आणि तिची बोटं तिथेच थांबली.

दोन वेढे, हिसका, दोन वेढे.

मी तिच्या चेहऱ्याच्या इतकी जवळ होते की तिचा श्वास मला लागत होता. आयुष्यभर दोरा वळलेली बाई ती. ही गाठ कुणाची, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बाजूला उभ्या रूपालीनेही वाकून बघितलं आणि तिलाही कळलं. तिने समाधानकडे एकदा बघितलं आणि नजर रस्त्यावरच्या फुलांकडे नेली. तिने एक शब्द उच्चारला असता तर ती सुटली असती. ती गप्प राहिली. समाधानने मान खाली घातली होती. मॅडमना गाठीतलं काही कळत नव्हतं. लंकाबाईने नुसता दोरा तोडून फेकला असता तर विषय तिथेच मिटला असता, सुनेच्या नावावर.

मित्रांनो, मी माणसांवर विश्वास ठेवत नाही हे तुम्हाला आता माहीत आहे. मला खात्री होती की ही दोरा तोडणार. एकुलता एक लेक, आणि समोर कायद्याची माणसं.

लंकाबाई उभी राहिली. पदराने तोंड पुसलं.

“ही गाठ माझ्या सुनंची नाय,” ती म्हणाली. “तिला अशी गाठ मारताच येत नाय. ही माझ्या लेकाची हाय. इचारा त्याला.”

समाधानने विचारायची वाट बघितली नाही. पुढे येऊन सगळं सांगितलं. चढाचं, वाल्मीकशेठचं, आईला गंमत दाखवायचं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि जी करायची ती कारवाई केली. लंकाबाईवरही झाली, कारण गाडी तीच चालवत होती. मला मोठ्या गाडीवर चढवून नेलं. जाताना मी बघितलं, तर रूपाली रस्त्यावरचा झेंडू ओच्यात गोळा करत होती आणि लंकाबाई तिच्या शेजारी बसून तेच करत होती.

त्यानंतर मी जप्त गाड्यांच्या आवारात उभी होते. हे माझे वाईट दिवस. बॅटरी उतरून गेली, सीटवर कावळे बसले, हार वाळून त्याचा दोरा तेवढा उरला. आजूबाजूला माझ्यासारख्याच खूप होत्या. सगळ्यांची कथा एकच, गोड बोलणारं दुकान आणि सुटलेली जोड. आम्ही एकमेकींशीही फारसं बोललो नाही. घरून कुणी येईल असं मला वाटत नव्हतं.

आली ती रूपाली. तिच्या हातात कंपनीने पाठवलेला, या गाडीला नंबर-लायसन लागत नाही असं सांगणारा मान्यतेचा दाखला होता. ते सगळे हळू आवाजातले फोन त्या दाखल्यासाठी होते. सासूची गाडी कुणी अडवली तर तिच्याजवळ दाखवायला काहीतरी असावं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि सासू कागद द्यायला तयार नव्हती म्हणून तिने परस्पर मागवला होता. माझी तपासणी झाली. जोड पुन्हा बसवली, पट्टीवर लिहिलंय तेवढाच वेग भरला, मोटर तेवढीच निघाली. मी पुन्हा सायकलीशेजारची झाले. रूपालीवर मी घेतलेला संशय चुकला असं तुम्ही म्हणाल. चुकला असेल. पण फोन तर ती हळूच बोलायची ना!

घरी आल्यावर बाकीचं कळलं. गोटीरामच्या औषधपाण्याचं सगळं घरातून झालं, कारण विमा कसला नव्हताच. दसऱ्याच्या दिवशी समाधान स्वतःचा झेंडू सोडून गोटीरामच्या जागेवर बसला आणि त्याची आपट्याची पानं विकून पैसे त्याला पोचवून आला. गोटीरामचा हात बसला, पण फांदी तोडताना अजून कळ येते म्हणतात. समाधानला तारखांना जावं लागतं. वाल्मीकशेठची चौकशी झाली एवढं ऐकलं. ते अजून गिऱ्हाइकाला चहा पाजतात की नाही, कोण जाणे.

आणि लंकाबाई माझ्याकडे बघेना. पडवीतून जाताना तोंड फिरवून जायची. पुन्हा पाटी घेऊन दारात उभी राहायला लागली आणि समाधान आता बिचारा वेळेवर यायचा. तरी ती त्याच्या मोटारसायकलवर अवघडून बसायची. तिला माझी भीती वाटत होती. मला फार लागलं ते. मी काही केलं नव्हतं, मित्रांनो, मला उघडलं गेलं होतं.

एका सकाळी रूपालीने नवं हेल्मेट आणून माझ्या आरशाला अडकवलं. मग माझी सीट उचलली आणि सासूला हाक मारली. लंकाबाई आली. रूपालीने तिला ती पांढरी जोड दाखवली, हात धरून तिच्या बोटांना लावून दाखवली. म्हणाली, आत्या, ही जुळलेली असली की ही गाडी तुमची. तुम्हाला लायसन नको, नंबर नको, कुणाची वाट बघायला नको. ही सुटली की गाडी कुणाचीच नाही.

लंकाबाईने ती जोड बराच वेळ बोटांत धरून ठेवली. मग सीट खाली केली, दोरा घेतला, चौपदरी केला, कॅरिअरला बांधला आणि आपली चपटी गाठ मारली. दोऱ्याचं उरलेलं टोक तिने रूपालीपुढे धरलं.

रूपाली म्हणाली, “आत्या, मला तुमची गाठ शिकवा मग.”

“नको,” लंकाबाई म्हणाली. “तुझी बुटाचीच मार. लांबून वळखू येते.”

आता माझ्या सीटवर दोन गाठी आहेत. एक लपलेली आणि एक दोन कान वर काढलेली. रोज निघायच्या आधी लंकाबाई हार बाजूला करून दोन्ही बघते, हेल्मेटचा पट्टा लावते आणि मगच बसते. समाधान हसून म्हणतो, आई, अजून भरवसा नाय का? ती म्हणते, हाय ना, म्हणूनच बघते.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखी गाडी असेल तर आज जाऊन तिच्या अंगावरची पट्टी वाचा. पट्टीवर जास्त आकडा असेल तर तिला नंबर आणि चालवणाऱ्याला लायसन लागतंच, आणि लायसनचं वय होईपर्यंत तुम्ही मागे बसा. आकडा माझ्याइतकाच असेल तर कुणालाही, अगदी लाडक्या दादालाही, तिची जोड सोडू देऊ नका. आणि ‘हिला कायदाच नाही’ असं कुणी चहा पाजून सांगितलं, तर चहा प्या आणि उठून या.

चला, लंकाबाई आली. पुढे पाटी, मागे पाटी. तिने हार बाजूला केला, दोन्ही गाठी बघितल्या आणि मूठ पिळली, पार शेवटापर्यंत, नेहमीसारखी. आम्ही निघालो. शाळकरी पोरं सायकलवरून पुढे गेली, आणि लंकाबाईने त्यांना हात केला.